अचलपुराचे पहिले दर्शन

आपले पूर्वज अमुक गावचे, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगत यावे आणि ते गाव मात्र आयुष्यात एकदाही पाहू नये, असा योग आपल्या समाजातील पुष्कळांच्या वाट्यास आला आहे. आमच्याही वाट्यास तो आला. लग्नकार्यात किंवा श्राद्धपक्षाच्या पंगतीत मूळ पुरुषाची गोष्ट निघाली, की घरातील वडीलधारी मंडळी “आपण मूळचे एलिचपूरचे” असे मोठ्या अभिमानाने सांगत, आणि आम्ही मुले ते निमूटपणे ऐकत असू. आमचे बालपण अकोल्यास गेले, पुढील सारे आयुष्य अमरावतीस गेले. अमरावतीहून अचलपूर अवघ्या ५० किलोमीटरांवर. काशी झाली, रामेश्वर झाले. अचलपूर मात्र राहून गेले!

याहूनही संकोचाची गोष्ट सांगावयाची आहे. काही वर्षांपूर्वी याच स्मरणिकेत आम्ही आपल्या समाजाच्या पूर्वेतिहासावर एक टिपण लिहिले होते. ईल नावाच्या राजाने एलिचपूर वसविले, त्याच्या नावावरूनच त्या नगरास हे नाव मिळाले, आपले पूर्वज त्याच राजाच्या पदरी होते व त्याच्या पाडावानंतर ते वऱ्हाडभर विखुरले, असे आम्ही त्यात ठामपणे लिहिले होते. पुष्कळांनी कौतुक केले. पुढे एका संमेलनात मात्र महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी आमच्याजवळ आली आणि नम्रपणे म्हणाली, “काका, याला आधार काय?” तिच्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. “वडीलधारे सांगत आले,” एवढेच आम्ही बोललो, आणि ते उत्तर अपुरे आहे हे तिच्याइतकेच आम्हासही कळले. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

वाटेवर

हिवाळ्याच्या दिवसांत आम्ही निघालो. अमरावती सोडली की वलगाव मागे पडते, आसेगावाजवळ पूर्णा नदी लागते. दुतर्फा कपाशीची वेचणी चाललेली, तुरी भरात आलेल्या आणि पुढे पुढे संत्र्यांच्या बागा. उत्तरेस सातपुड्याची निळी रांग दिसू लागली, की प्रवाशास या नगराच्या इतिहासाची अर्धी किल्ली मिळाली असे समजावे. नर्मदेकडून दक्षिणेत उतरणाऱ्या सैन्याला हा डोंगर ओलांडल्यावर लागणारे पहिले संपन्न नगर म्हणजे अचलपूर. मागे घाट, पुढे पयोष्णीचे, म्हणजे पूर्णेचे काळेभोर खोरे, आणि अंगाशी सापन व बिच्छन या दोन नद्या. ज्याला दक्षिण हवी, त्याला अगोदर हे नगर हवे असे. आणि ज्याला दक्षिण राखावयाची, त्यालाही हेच हवे असे.

परतवाड्यास उतरलो. इंग्रजी अमदानीत येथे फौजेची छावणी होती. पुढे मेळघाटच्या सागवानाची मोठी बाजारपेठ म्हणून हे गाव नावारूपास आले. येथील आमचे एक ज्ञातिबांधव निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी आम्हास आपल्या घरी उतरवून घेतले आणि गाव दाखविण्याचे कामही पत्करले. जेवताना ते म्हणाले, “भाऊसाहेब, गाव पाहायचंय की आपलं मूळ शोधायचंय? दोन्ही एकदम करू नका. मूळ शोधणाऱ्याला गाव दिसत नाही.” त्या वेळी आम्ही हसून सोडून दिले. दोन दिवसांनी त्या बोलण्याचा अर्थ आमच्या ध्यानी आला.

दुल्हा दरवाजाच्या आत

दुल्हा दरवाजातून आम्ही जुन्या वस्तीत शिरलो. एके काळी हे नगर परकोटाच्या आत नांदत होते. आज परकोटाचा पुष्कळ भाग नाहीसा झाला असून जागोजागी दरवाजे तेवढे उभे आहेत, आणि त्यांच्या कमानीखालून सायकली, रिक्षा आणि भाजीच्या हातगाड्या जात-येत असतात. दरवाजाच्या उंचीकडे मान वर करून पाहणारे त्या गर्दीत आम्ही एकटेच होतो. नव्या पाहुण्याची ओळख अशीच पटते!

दरवाजास ‘दुल्हा’ का म्हणतात, ते बिच्छन नदीकाठच्या दर्ग्यात गेल्यावर उलगडते. शाह अब्दुल रहमान गाझी, ज्यांना लोक दुल्हा रहमान शाह म्हणतात, त्यांचा हा दर्गा. परंपरा अशी सांगते, की हे गझनीच्या महमुदाचे आप्त होते. स्वतःच्या विवाहाच्या दिवशीच युद्धाची वार्ता आली आणि ते नवरदेवाच्या वेषातच निघाले, म्हणून ‘दुल्हा’. इ.स. १००० च्या सुमारास त्यांची आणि ईल राजाची लढाई झाली व तीत दोघेही कामास आले, असे ही कथा सांगते. दर्ग्यात बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी ती आम्हास इतक्या तन्मयतेने ऐकविली, की जणू काय काल-परवाचीच घटना! आम्ही आमची घरची गोष्ट त्यांना सांगितली. ते शांतपणे म्हणाले, “म्हणजे तुमचे लोक त्या बाजूला होते, आमचे या बाजूला. आज दोघेही इथेच बसलो आहोत.”

आणि ईल राजाची गोष्ट एवढ्या दोघांपुरतीच नाही. जैन परंपरेत हाच राजा मोठा धर्मशील म्हणून प्रसिद्ध आहे. वाशीम जिल्ह्यातील शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे जे तीर्थ आहे, त्याच्या कथेत एलिचपूरच्या राजाचा रोग तेथील जलाने बरा झाल्याचे सांगतात. अचलपुराहून जवळच, बैतुल जिल्ह्याच्या हद्दीत, मुक्तागिरीची ५२ जैन मंदिरे डोंगराच्या कुशीत व धबधब्याच्या सान्निध्यात उभी आहेत. तेथेही हा राजा लोकांच्या तोंडी आहेच. कुणी त्याला पुण्यशील म्हणतो, कुणी प्रतिपक्षाचा म्हणतो, आणि आमच्यासारखा तिसरा कुणी त्याला आपल्या पूर्वजांचा धनी म्हणतो. एकाच राजावर इतक्यांनी हक्क सांगावा, हे पाहून आम्ही प्रथम सुखावलो. मग मात्र मनात शंकेची पाल चुकचुकली. इतक्यांच्या कथेत असलेल्या या राजाने स्वतः काय मागे ठेवले? त्याचा शिलालेख कोठे आहे? त्याचे दानपत्र कोठे आहे? नाणे कोठे आहे?

नावाचा निवाडा

या नगराची नोंद असलेला जो जुना लेख विद्वान पुढे ठेवतात, तो दगडावर कोरलेला नसून तांब्यावर कोरलेला आहे. बैतुल जिल्ह्यात, मुलताई तालुक्यातील तिवरखेड येथे राष्ट्रकूट वंशातील नन्नराज या राजाचा ताम्रपट सापडला. तो शके ५५३, म्हणजे इ.स. ६३१ चा असून अचलपुराहून दिलेला आहे. जरा हिशोब करावा. ईल राजाची लढाई इ.स. १००० च्या सुमाराची. त्याच्या आधी साडेतीन शतकांहून अधिक काळ हे नगर अस्तित्वात होते, दानपत्र देण्याइतके मोठे होते आणि त्याचे नाव ‘अचलपूर’ असे होते. ज्याच्या जन्माच्या कित्येक पिढ्या आधी गावाला नाव मिळाले, त्याच्या नावावरून त्या गावाचे नाव पडणे शक्य नाही.

मग ‘अचलपूर’चे ‘एलिचपूर’ झाले कसे? या प्रश्नाचे उत्तर वऱ्हाडापासून फार दूर, गुजरातेत अणहिलवाड पाटण येथे मिळते. बाराव्या शतकात सिद्धराज जयसिंह व कुमारपाल यांच्या कारकिर्दीत हेमचंद्र नावाचे थोर जैन आचार्य तेथे होऊन गेले. त्यांच्या व्याकरणग्रंथाचा अखेरचा अध्याय प्राकृत भाषांना वाहिलेला आहे. बोलताना शब्दातील अक्षरे आपापल्या जागा कशा बदलतात, याचे नियम देताना त्यांनी अचलपुराचे उदाहरण दिले आहे. संस्कृतातील ‘अचलपुर’ लोकांच्या तोंडी ‘अलचपुर’ होते; म्हणजे ‘च’ आणि ‘ल’ यांची अदलाबदल होते. आणि मौज अशी, की या नियमाच्या लगतच पुढे ‘महाराष्ट्र’ या शब्दाचा नियम येतो. तेथे ‘ह’ आणि ‘र’ आपल्या जागा बदलतात व ‘मरहट्ठ’ हे रूप सिद्ध होते. ज्या शब्दातून पुढे आपले ‘मराठा’ आणि ‘मराठी’ हे शब्द आले, त्याच्या शेजारी आपले अचलपूर बसलेले आहे!

हा काही पंडितांचा खेळ नव्हे. आजही आपल्या खेड्यांतून ‘नुकसान’चे ‘नुस्कान’ होते आणि ‘लखनौ’चे ‘नखलौ’ होते. जिभेला जे सोपे, ते ती करते. महानुभाव पंथाच्या लीळाचरित्रातही हे नगर ‘अळजपूर’ अशाच धाटणीच्या नावाने येते. श्रीचक्रधरस्वामींचे येथे वास्तव्य झाले होते. लीळाचरित्र म्हाइंभटांनी १२७८ च्या सुमारास सिद्ध केले, तेही याच अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे. पुढे फार्सी बखरकारांच्या हाती हे नाव गेले. त्या लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. तेव्हा अलचपूरचे इलिचपूर व एलिचपूर वाचले जाणे सहजच होते. आणि ‘एलिचपूर’ एकदा रूढ झाल्यावर त्या ‘एल’चा धनी शोधणेही तितकेच सहज होते. आमच्या मते नाव आधी बदलले, आणि राजा त्या नावात मागाहून येऊन बसला.

येथे आम्ही आमचे पूर्वीचे विधान स्पष्ट शब्दांत मागे घेतो. ईल नावाचा कोणी राजा झालाच नसेल, असे आम्ही म्हणत नाही. इतक्या परंपरांनी जपलेल्या स्मृतीच्या मुळाशी काही असूही शकेल. परंतु त्याने हे नगर वसविले नाही आणि त्याच्या नावावरून या नगरास नाव मिळाले नाही. आपले पूर्वज त्याच्या पदरी होते, यालाही आम्हास कोणताच लेखी आधार मिळाला नाही.

राजधानीचे वैभव आणि विलय

हा निवाडा मनात घोळत असताना शिक्षकमहाशय आम्हास नगराच्या पश्चिमेस सुमारे ३ किलोमीटरांवर असलेला हौज कटोरा पाहावयास घेऊन गेले. प्रशस्त गोल तलावाच्या मध्यभागी आठ कोनांचा तीन मजली मनोरा उभा आहे. वास्तू बहमनी काळातील. आता तेथे जुने जलवैभव नाही. पण कमानींची प्रमाणबद्धता अशी, की तलाव भरलेला असताना तिचे प्रतिबिंब कसे दिसत असेल ते मनश्चक्षूंपुढे सहज उभे राहते. वरचे दोन मजले पुढे उतरवून त्यांचे दगड नबाबाच्या वाड्यास नेले, असे सांगतात. जुन्या नगरात एक इमारत दुसरीच्या पोटात जाते, हे काही नवे नव्हे.

तलावाच्या काठावर बसून आम्ही शतकांची मोजणी केली. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, तो याच मार्गाने. तहात रामदेवराय यादवाने एलिचपूर प्रांताचा वसूल देण्याचे कबूल केले. दक्षिणेतील दिल्लीच्या सत्तेचा पाया असा वऱ्हाडच्या महसुलावर घातला गेला. पुढे बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ च्या सुमारास येथे मुक्काम केला, गाविलगड बांधला व नरनाळ्याची डागडुजी केली. बहमनी राज्य मोडकळीस आले तेव्हा १४९० साली वऱ्हाडचा सुभेदार फत्तुल्ला इमादुल्मुल्क स्वतंत्र झाला आणि एलिचपूर हे एका स्वतंत्र राज्याची राजधानी बनले. दक्षिणेतील पाच शाह्यांपैकी ही इमादशाही. ती १५७४ पर्यंत, म्हणजे ८४ वर्षे टिकली. शेवटचा राजा बुऱ्हाण इमादशहा आपल्याच तुफालखान नावाच्या कारभाऱ्याच्या कैदेत नरनाळ्यावर पडला होता, आणि अहमदनगरच्या मूर्तजा निजामशहाने राजा, कारभारी आणि राज्य असे तिन्ही एकदमच हस्तगत केले. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेले. पुढे निजामाच्या अमलाखाली पन्नी पठाण नबाबांनी येथे कारभार केला.

या साऱ्या घडामोडीत आमचे मन खिळले ते फत्तुल्लावर. हा जन्माने विजयनगरच्या मुलखातील कानडी हिंदू. बालपणी युद्धात कैद होऊन वऱ्हाडात आला, मुसलमान झाला, शिपाईगिरीत चढत चढत सुभेदार झाला आणि शेवटी राजा झाला. दुसऱ्या दिवशी आम्ही चिखलदऱ्यास जाऊन गाविलगड चढलो. तेथील दिल्ली दरवाजावर सिंह व हत्तींसह गंडभेरुंड, म्हणजे दोन तोंडांचा पक्षी, कोरलेला आहे. चोचीत व पंजांत हत्ती धरलेला हा पक्षी विजयनगरच्या राजचिन्हांपैकी एक. गडाची दुरुस्ती फत्तुल्लाने केली होती. त्यामुळे या शिल्पात त्याने आपल्या जन्मभूमीची आठवण कोरून ठेवली असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. हा तर्क आम्हास मनोमन पटतो. नाव बदलले, धर्म बदलला, भाषा बदलली. पण गडाला दरवाजा करावयाची वेळ आली, तेव्हा हाताने लहानपणीचा पक्षी काढला.

आणि मूळ गावाची ही ओढ त्याच्या शेजाऱ्यासही सुटली नव्हती. अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळ घराणे पाथरीच्या कुलकर्ण्यांचे. पाथरी त्या काळी वऱ्हाडच्या राज्यात होती. पूर्वजांचे गाव आपल्याकडे असावे म्हणून बुऱ्हाण निजामशहाने बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. फत्तुल्लाच्या मुलाने, अल्लाउद्दीन इमादशहाने, तो नाकारला. १५१८ च्या सुमारास निजामशहाने पाथरी बळाने घेतली, आणि या दोन राज्यांचे वैर वाढत गेले. मूळ गावाचा अभिमान ही गोड गोष्ट आहे. परंतु तिच्यापायी दोन राज्ये एकमेकांच्या जिवावर उठतात, हेही या प्रदेशाने पाहिले आहे.

बंदुका, करार आणि कापूस

गाविलगडाच्या तटावर उभे राहिले, की खाली वऱ्हाडचे मैदान पसरलेले दिसते. या मैदानाचे भवितव्य १८०३ च्या हिवाळ्यात अवघ्या एका महिन्यात ठरले. २९ नोव्हेंबर रोजी अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो एलिचपुरास पोचला व जखमींसाठी त्याने येथे रुग्णालय थाटले. त्याचा सहकारी स्टीव्हन्सन डोंगरातून वाट काढीत तोफा गडाच्या उत्तरेस घेऊन गेला. १५ डिसेंबरला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता कामास आला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगाव येथे भोसल्यांशी तह झाला. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगाव येथे शिंद्यांशी. देवगाव आणि अंजनगाव, दोन्ही अचलपूरच्या आसमंतातील गावे. अंजनगावच्या पानमळ्यांतून जाणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल, की मराठ्यांच्या राज्याचे एक मोठे पान येथेच उलटले?

त्यानंतरची गोष्ट तलवारीची नव्हे, रुळांची आहे. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेले. मुंबई-नागपूर लोहमार्ग दक्षिणेकडून, मूर्तिजापूर-बडनेऱ्यावरून काढण्यात आला. कापसाचा व्यापार अमरावती व अकोल्याकडे ओढला गेला आणि जुनी राजधानी एका बाजूस पडली. १९०५ साली तर एलिचपूर जिल्हाच अमरावतीत विलीन करण्यात आला. पुढे मूर्तिजापुराहून अचलपुरापर्यंत ७६ किलोमीटरांची छोट्या रुळांची गाडी आली. हीच ती सर्वांच्या आवडीची ‘शकुंतला’. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. आता ती धावत नाही. आम्ही स्थानकावर गेलो तेव्हा सगळीकडे शुकशुकाट होता. ज्या गाडीतून या पंचक्रोशीतील कितीतरी सासुरवाशिणी माहेरी आल्या असतील, ती इतिहासजमा झाली आहे.

परतताना आम्ही अंजनगाव-अकोट मार्गे अकोल्यास आलो व पुढे बाळापूर पाहिले. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरील हा किल्ला औरंगजेबाचा पुत्र आझमशहा याने आरंभिला, आणि तो १७५७ साली पुरा केला एलिचपूरचा नबाब इस्माईलखान याने. किल्ल्याच्या पायथ्याशी बाळादेवीचे मंदिर. गावाचे नाव तिच्यावरून. नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगाची छत्री. एका राजपुताची छत्री, एका मोगल शहजाद्याचा पाया, एका पठाण नबाबाचा कळस आणि साऱ्यांच्या मुळाशी ग्रामदेवता. वऱ्हाडातील कोणत्याही जुन्या गावाचा इतिहास एकाच समाजाने लिहावयाचा म्हटले, तर तो दोन पानांच्या पुढे जाणार नाही, हे बाळापूर एका दृष्टिक्षेपात सांगते.

शेवटी आमचे काय?

ज्ञातिबांधव विचारतील, की इतके फिरून आपल्या समाजासाठी काय आणले? प्रामाणिक उत्तर असे, की आपल्या मूळ पुरुषाचा माग आम्हास अचलपुरात लागला नाही. एका गोष्टीने मात्र मार्ग दाखविला. अचलपुराजवळ चम्मक नावाचे गाव आहे. तेथे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा पाचव्या शतकातील ताम्रपट सापडला. त्याने ते गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिले होते. परंतु दानाबरोबर अटीही घातल्या होत्या. राजद्रोह करू नये, चोरी-व्यभिचार करू नये, विषप्रयोग करू नये, युद्ध करू नये, इतर गावांना उपद्रव देऊ नये. असे वागाल तोवर दान तुमचे. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीच्या राजालाही हे ठाऊक होते, की मान जन्माने मिळाला तरी तो वर्तनाने टिकवावा लागतो. आमच्या मते ज्ञातीच्या इतिहासाचा याहून मोठा बोध नाही.

अमरावतीस येण्यापूर्वी अकोल्यास आमच्या काकांच्या घरी गेलो. वय ऐंशीच्या पुढे. ईल राजाची गोष्ट आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकलेली. सारी हकीकत सांगताना आमचा आवाज जड झाला, कारण ज्या आधारावर त्यांनी आयुष्यभर मान ताठ ठेवली, तोच आम्ही काढून घेत होतो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे माझा बाप खोटं सांगत होता?” आम्ही म्हटले, “खोटं नाही, काका. त्यांनी जे ऐकलं ते सांगितलं. लिहिताना मीच ते पारखून घेतलं नाही.” पुन्हा काही वेळ गेला. “मग तसंच लिही,” ते म्हणाले. “पण आम्ही सांगत होतो, तेही लिही. सांगत होतो म्हणूनच तू गेलास ना तिथे?”

त्यांच्या आज्ञेप्रमाणे दोन्ही गोष्टी येथे लिहिल्या आहेत. आता वाचकांस एक विनंती. आपल्या घराच्या माळ्यावर, जुन्या पेटीत किंवा देव्हाऱ्याच्या खणात मोडी लिपीतील कागद, खरेदीखते, जमाखर्चाच्या वह्या, लग्नाच्या याद्या किंवा क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांवरून उतरवून आणलेल्या नोंदी असतील, तर त्या वाळवीच्या स्वाधीन करू नयेत. ‘किरकोळ कागद’ म्हणून रद्दीत तर मुळीच घालू नयेत. कोणत्या राजाच्या पदरी होतो, हे त्यांतून कदाचित निघणार नाही. पण कोणत्या सालच्या दुष्काळात कोणत्या गावाहून कोणत्या गावास आलो, कुणी आसरा दिला, कुणाचे देणे फेडले, एवढे जरी निघाले तरी तो खरा इतिहास होईल. ज्ञातिमंडळाने असे कागद वाचून त्यांची यादी करण्याचे काम हाती घ्यावे, अशी आमची सूचना आहे. आणि त्या कामात ज्या मुलीने आम्हास आधार विचारला, तिच्यासारख्या तरुण मंडळींना पुढे घ्यावे.

आणि शक्य असेल त्याने एकदा अचलपुरास जावे. मूळ शोधावयास जाऊ नये. गाव पाहावयास जावे. दुल्हा दरवाजाखाली क्षणभर थांबावे आणि मान वर करून पाहावे. गर्दीतले कुणीतरी “कुठून आलात?” म्हणून विचारीलच. आम्हासही एका भाजीवाल्याने विचारले होते. आमच्या तोंडून सवयीने “आम्ही मूळचे इथलेच” असे येणार होते. ते आम्ही आवरले आणि “अमरावतीहून, पहिल्यांदाच आलो,” असे सांगितले. त्याने पाटीतली दोन संत्री काढून आमच्या हाती दिली आणि पैसे घेतले नाहीत.